जरा हात लावा, वकिलीणबाई

८ नोव्हेंबर १९६१, अमरावती

चारूताईचा तेरावा उरकून काल अकोल्याहून परत आले. उरकून म्हणजे अगदी उरकूनच. पंगतीत लाडवांचा आग्रह चालला होता आणि भाऊजींचे काका मला विचारत होते, तिकडे मोर्शीकडे यंदा संत्र्यांचा बहार कसा आहे. त्यांच्या हनुवटीवरून तूप ओघळत होतं. मला अशी शिसारी आली की ताट तसंच टाकून उठले. बायका म्हणाल्या, पाठची बहीण ना, दुःख होणारच. ते दुःख नव्हतं. ती किळस होती.

वर्षभर त्या घरात कोणी रोगाचं नाव घेतलं नाही. वायूची गाठ म्हणाले, दृष्ट म्हणाले, वैद्याला ‘बरगडीपाशी दुखतं’ म्हणून सांगितलं. छाती हा शब्द तोंडातून काढला असता तर जसं काही घर बाटणार होतं. आई याच दुखण्याने गेली तेव्हाही हेच. गाठ फुटली तेव्हा कुठे ताईला दवाखाना दिसला.

आणि मी काय वेगळी? शेवटच्या आठवड्यात ताईने पांघरुणातून हात बाहेर काढून माझ्याकडे केला. खोलीत तो वास होता. मी दारातच नाकाला पदर लावून उभी राहिले. तिने ते पाहिलं आणि हात परत आत घेतला. हे मी कोणाला सांगितलेलं नाही. ही डायरी यांना कोणा पक्षकाराने दिली होती, कोरीच पडली होती. निदान तिला तोंड नाही.

निघायच्या आधी तिथल्या डॉक्टरीणबाईंनी मला बाजूला घेतलं. म्हणाल्या, “आई आणि बहीण, दोघी गेल्या. तुम्ही सावध राहा. वजन वाढलंय, बसून राहू नका. रोज तास-दीड तास चालत जा. अंगमेहनतीच्या बायकांत हा आजार कमी दिसतो असं काहीजणांचं म्हणणं आहे. खात्री कोणी देणार नाही, पण चालल्याने नुकसान तर नाही ना? आणि दर महिन्याला आंघोळीच्या वेळी स्वतःच्या हाताने चाचपून पाहायचं. गाठ लागली की लगेच यायचं.”

चालेन. ते दुसरं मात्र माझ्याने होणार नाही. स्वतःच्या अंगाला असा हात लावायच्या कल्पनेनेच मळमळतं.

१२ नोव्हेंबर

सासूबाईंना सांगितलं, उद्यापासून पहाटे चालायला जाणार.

“कुठे?”

“कुठे नाही. नुसतंच.”

“नुसतंच म्हणजे?”

आमच्या अंबापेठेत बाई रस्त्यावर दिसली तर तिच्या हातात काहीतरी असावं लागतं. पिशवी, तबक, तांब्या, नाहीतर मूल. रिकाम्या हाताने चालणारी बाई एक तर घरात भांडून निघाली, नाहीतर विहिरीकडे निघाली. यांनी वर्तमानपत्रातून डोकं वर न काढता विचारलं, “पोलिसांत भरती व्हायचंय का?” आणि स्वतःच हसले. यांचं पोट टेबलाला टेकलं होतं. कोर्ट ते घर टांगा, घर ते कोर्ट टांगा. मला हसू आलं नाही.

शेवटी तोडगा माझा मीच काढला. वडाळीच्या वाटेवर एक लहानसं महादेवाचं देऊळ आहे. तिथे रोज पाणी घालायचा नेम धरला म्हणून सांगितलं. अंबादेवी घराच्या मागेच आहे हो, पण दोन गल्ल्यांवरच्या देवीने माझं काय भलं होणार? महादेव चांगला लांब राहतो. सासूबाईंनी स्वतः तांब्या घासून दिला.

१५ नोव्हेंबर

तीन दिवस झाले. पायाला फोड, मांड्या घासून सोललेल्या, आणि कोपऱ्याकोपऱ्यावर पाण्याचे ओघळ. रस्त्याच्या कडेला सगळी अमरावती तांबे घेऊन बसलेली असते, आणि माझ्याही हातात तांब्या. लाज वाटते. गुरव मला पाहून पानाची पिंक टाकतो आणि म्हणतो, “देव पावन तुम्हाले.” पिंक देवळाच्या पायरीवरच.

समोरच्या घरातल्या लीलाबाई ओट्यावरूनच विचारतात, “ताराबाई, काही मागणं आहे वाटतं महादेवाजवळ?” आपलं ठेवायचं झाकून अन् दुसऱ्याचं पाहायचं वाकून.

२८ नोव्हेंबर

चालण्यातलं एकच माणूस सहन होतं. सुंदराबाई माळीण. वडाळीकडच्या मळ्यातून डोक्यावर भाजीची पाटी घेऊन शहरात येते. देवळासमोर एक दगड आहे, त्यावर पाटी टेकवून घटकाभर बसते. मी पाणी घालून येते तोवर तिचा दम खाऊन झालेला असतो, मग परत येताना दोघी बरोबर.

पहिल्या दिवशी तिने विचारलं, “काहून वं बाई, तुमच्या तिकडं देव सरले का?”

मी नेमाचं सांगितलं. ती माझ्या पायांकडे पाहत म्हणाली, “देवासाठी येनारी बाई अशी भरभर नाई चालत. तुमी कोनाच्या तरी मागं लागल्या, नाईतर कोनी तुमच्या मागं लागलं हाय.”

पन्नाशीची असेल. सुकी, काळी, सरळ. मणभर पाटी एका हिसड्यात डोक्यावर घेते आणि वर बोलतही राहते. दोन कोस येणं, शहरभर फिरणं, दोन कोस जाणं. तिच्या मानेकडे पाहिलं की स्वतःच्या मानेवरच्या वळ्यांचा तिटकारा येतो. घरी आले की आरशाकडे पाठ करून वेणी घालते.

१९ डिसेंबर

आज सुंदराबाईला सगळं सांगितलं. आई, ताई, डॉक्टरीणबाई. कोणाला तरी सांगायचंच होतं आणि तिच्याएवढं परकं दुसरं कोण मिळणार? ती नेहमी मध्ये बोलते, आज बोलली नाही.

मी म्हटलं, “तुमचं बरं आहे. कष्टाच्या बाईला हा रोग होत नाही. मोठ्या डॉक्टरीणबाईचं सांगणं आहे.”

“होतच नाई?”

“होतच नाही. आमच्यासारख्या बसून खाणाऱ्यांनाच होतो.”

“पक्कं?”

“पक्कं.”

ती हसली. म्हणाली, “चाला, एक तरी चीज देवानं गरिबाच्या वाट्याची राखली.” मग बऱ्याच वेळाने, पुलाजवळ आल्यावर, पुन्हा तेच: “डाक्टरीनबाईच बोलली ना? तुमच्या मनचं नाई ना?” मी म्हटलं, मी कशाला मनचं सांगू? या अडाणी बायकांना एक गोष्ट तीनदा सांगावी लागते.

पण तिला आनंद झालेला दिसला. बळेच मला सांबाराची जुडी दिली, ताजी हिरवी कोथिंबीर. महिन्याभरात पहिल्यांदा कोणाचं तरी चांगलं केल्यासारखं वाटलं.

९ जानेवारी १९६२

कंबर एक बोट उतरली. चोळ्या सैल होतात. यांच्या ध्यानात आलेलं नाही. सासूबाईंच्या आलं, म्हणाल्या, महादेवाने अंग उतरवलं.

अलीकडे सुंदराबाईला पाटी उचलायला माझा हात लागतो. रोज म्हणते, “जरा हात लावा, वकिलीणबाई.” इतके दिवस एकटी उचलत होती, आता ओळख झाल्यावर नखरे. मी हात लावते, पण पाटीच्या ओल्या कडेने बोटं बरबटतात आणि ती पुसायला धड काही नसतं.

३० जानेवारी

लिहायलाही बरं वाटत नाही, पण सुंदराबाईला वास येतो. करपलेल्या बिब्ब्याचा, लसणीचा, आणि त्याच्याखाली आणखी कसला तरी ओलसर. थंडी आहे म्हणून आंघोळीला फाटा देत असेल. उजव्या अंगावरून पदर घट्ट ओढून घेतलेला, वर जुनेरं गुंडाळलेलं. पूर्वी हात हलवत बोलायची, आता उजवा हात पोटाशी धरून चालते. माझा खांदा तिला लागला की अंग चोरते. मानी आहे, वास येतो हे तिलाही कळत असणार.

आज मी रस्त्याची बाजू बदलली. ती डावीकडे, मी वाऱ्याच्या वरच्या अंगाला. तिने पाहिलं की नाही, ठाऊक नाही.

४ फेब्रुवारी

काल अष्टग्रही लागली. आठ ग्रह एका राशीत, म्हणे जग बुडणार. गल्लीत तीन ठिकाणी होम. धुराने डोळे गेले. जे शेजारी एकमेकांच्या दारात केर लोटतात ते काल गळ्यात गळे घालून माफी मागत होते. कोर्टात खोट्यावर खोटं रचणारे आमचे हे सोवळं नेसून, उघड्या पोटावर तुपाचे डाग घेऊन, आहुत्या टाकत होते. जग बुडण्याला माझी हरकत नव्हती. यांना सोबत घेऊन बुडायचं, याचा वीट आला.

तरीही मी चालायला गेले. रस्ता रिकामा. सुंदराबाई एकटीच दगडावर. म्हणाली, “जग बुडून राहिलं म्हनते. बुडन तवा बुडन, मेथी तर आज सुकते.”

पाटीला हात लावताना ती कळवळली. मी विचारलं. म्हणाली, “काई नाई, नस चढली.”

६ फेब्रुवारी

जग बुडालं नाही. मी बुडाले.

आज सुंदराबाई दगडावर बसली होती, पाटी अजून भरलेली. वास जास्तच होता. मला चालायची घाई होती. ती म्हणाली, “जरा हात लावा, वकिलीणबाई.” मी एका हाताने नाकाला पदर लावला आणि दुसरा पाटीकडे नेला.

ती म्हणाली, “पाटीले नाई.”

देवळाच्या भिंतीआड नेऊन तिने जुनेरं बाजूला केलं. उजव्या बाजूला बिब्बा लावून लावून कातडं भाजलं होतं, फोड फुटून ओलं झालं होतं. त्या बाजूला तिने माझी बोटं धरून नेली. “अठी. लिंबासारखं लागते का नाई, पाहा. मी दिवाईपासून पाहून राहिली. लहान होतं, आता वाढलं.”

लागलं. कडक होतं, जागचं हलत नव्हतं.

मी ओरडलेच, “दिवाळीपासून? मग बोलली का नाहीस? डॉक्टरकडे का नाही गेलीस?”

तिने माझ्याकडे असं पाहिलं की ते मला जन्मभर पुरेल. रागाने नाही. म्हणाली, “माहा पोरगा देवमन म्हनत होता दवाखान्यात चाल. जानारच होती मी नाताळाच्या सुटीत. मंग तुमीच म्हनलं ना, कष्टाच्या बाईले होत नाई. तीनदा पुसलं मी तुमाले. म्हटलं, मंग ही साधी गाठ असन. बिब्ब्यानं जाईन.”

माझी बोटं अजून तिथेच होती. पदर कधी सुटला ते कळलं नाही.

त्याच दिवशी, दुपारी

डायरी मागे उलटून पाहिली. आठ नोव्हेंबर. माझंच अक्षर आहे. ‘कमी दिसतो असं काहीजणांचं म्हणणं आहे. खात्री कोणी देणार नाही.’

कमी. मी ‘कमी’चं ‘नाही’ केलं. मला तेच ऐकायचं होतं म्हणून केलं, आणि मोठ्या शहाणपणाने दुसरीच्या पदरात बांधलं. दीड महिना. ताईच्या घरच्यांना मी इथे शिव्या घातल्या की त्यांनी रोगाचं नाव लपवलं. मी तर रोगच नाही म्हणून सांगितलं. दुसऱ्या कोणाची इतकी किळस आजवर आली नाही.

न्हाणीघराचं दार लावलं. हात लावला. दोन्हीकडे, सावकाश. काही लागलं नाही. यात माझं काहीच कर्तृत्व नाही.

८ फेब्रुवारी

सुंदराबाईला घेऊन मोटारीने अकोल्याला त्याच डॉक्टरीणबाईंकडे गेले. देवमन, तिचा मोठा मुलगा, कापसाच्या जिनात कामाला आहे, तोही आला. यांना सांगितलं तेव्हा म्हणाले, “भाजीवालीसाठी अकोला? लोक काय म्हणतील?” मी म्हटलं, लोक तुमच्यासाठी टांगा आणतील, तुम्ही कोर्टात जा. सासूबाई म्हणाल्या, नेम मोडेल. मी तांब्या त्यांच्यापुढे ठेवला आणि म्हटलं, तुम्ही जा, तुम्हालाही चालणं बरं.

डॉक्टरीणबाईंनी बिब्ब्यावरून तिला झापलं. मग माझ्याकडे वळून विचारलं, “एवढे दिवस का थांबल्या या?”

मी तोंड उघडलं. सुंदराबाई आधी बोलली: “माही अक्कल, दुसरं काय?”

मी म्हटलं, “नाही. मी सांगितलं होतं हिला, कष्टाच्या बाईला होत नाही.”

डॉक्टरीणबाईंनी कागद पुढे ओढला. मग चिठ्ठी लिहिली. नागपूरच्या मोठ्या दवाखान्यात, याच आठवड्यात. गाठ काढावी लागेल, म्हणजे सगळंच काढावं लागेल. काखेत अजून काही हाताला लागत नाही, एवढीच जमेची बाजू. वाचेल का, विचारलं तर म्हणाल्या, “शब्द देत नाही. तुम्ही माझ्या शब्दाचं काय करता ते पाहिलं.”

बरोबरच बोलल्या.

२ मार्च

नागपूरला जाऊन सुंदराबाईला भेटून आले. वॉर्डात फिनेल, पू आणि उकडलेल्या भाताचा वास. हात पदराकडे गेलाच. ते थांबत नाही, माझ्या नाकाला अक्कल यायची नाही. पण तिने हात पुढे केला तेव्हा दारात उभी राहिले नाही. तो धरला आणि तासभर धरून बसले. तिला बरं वाटलं की नाही देव जाणे. म्हणाली, “तुमचा हात लय घामेजते, वकिलीणबाई.”

२९ एप्रिल

सुंदराबाई घरी आली. उजवा हात खांद्याच्या वर जात नाही. दवाखान्यातल्या बाईने तिला व्यायाम सांगितला आहे: भिंतीकडे तोंड करून उभं राहायचं आणि बोटांनी भिंत चढायची, रोज थोडी थोडी. तिच्या मातीच्या भिंतीवर देवमनने कोळशाने रेघा मारल्या आहेत, कालची, परवाची.

“तुमी पायानं चाला, मी बोटाईनं चालतो. पाहू कोन पोचते.”

ऊन मरणाचं आहे. मी आता देवळाशी थांबत नाही, तिच्या घरापर्यंत जाते. रिकाम्या हाताने. तांब्या सासूबाईंकडेच राहिला आणि त्या अंबादेवीच्या पुढे काही गेल्या नाहीत. गल्लीत माझ्याबद्दल काय बोलतात ते मोलकरीण सांगते. लोकांच्या तोंडाला हात कोण लावणार? पूर्वी ऐकून अंगाचा तिळपापड व्हायचा, आता नुसती जांभई येते.

२४ जून

आज पहाटे देवळासमोर सुंदराबाई. दगडावर पाटी, अर्धी भरलेली. देवमन सायकलवर टाकून आणून देतो आणि जिनाकडे जातो. डॉक्टरांनी ओझं उचलायला सक्त मनाई केली आहे, हे मला माहीत, तिला माहीत, देवमनलाही माहीत.

“वर्स झाल्यावानी वाटते घरात,” ती म्हणाली. “गिऱ्हाइकं दुसरीकडं जाऊन राहिले. अर्धीच हाय.”

मी तिच्या हातातून चुंबळ घेतली आणि डोक्यावर ठेवली. देवमनला म्हटलं, हात लाव. तो आईकडे पाहत राहिला, मग हात लावला.

अर्धी पाटी म्हणजे काय, हे आज कळलं. मान खांद्यात शिरली. मेथीचं पाणी कानामागून पाठीत. एक वांगं सारखं घरंगळत होतं. सात महिने चालून मी स्वतःला मोठी चालणारी समजत होते. पुलापर्यंत पाय थरथरायला लागले आणि सुंदराबाई शेजारून, डाव्या हाताने पदर सावरत, मोकळी चालत होती. “मान ताठ. पायाकडं नोका पाहू. पाय कुठं जात नाई.”

अंबापेठेत शिरलो तेव्हा तिने हाळी दिली: “मेथीऽ, सांबारऽ, वांगेऽ.” आवाज तिचा, डोकं माझं. लीलाबाईंच्या हातातली रांगोळी तशीच राहिली.

“ताराबाई! हे काय?”

“भाजी,” मी म्हटलं. “घेता?”

घराच्या ओट्यावर सासूबाई. त्यांनी पाहिलं आणि पदर नाकाला गेला. कोणत्या वासाने, त्यांनाच ठाऊक. आतून यांचा खाकरण्याचा आवाज आला. अर्धी असली तरी पाटी एकटीने उतरवता येत नाही, निदान मला येत नाही. मानेतून कळा निघत होत्या.

मी म्हटलं, “आई, जरा हात लावा.”

त्या हलल्या नाहीत. मी त्यांना नावं ठेवणार नाही. मीही एका दारात अशीच उभी होते.

तेवढ्यात सुंदराबाई माझ्यापुढे येऊन उभी राहिली. मी नको म्हणणार होते, पण मान हलवता येत नव्हती. तिने डावा हात पाटीला लावला. मग उजवा उचलला, सावकाश, भिंतीवर चढवते तसा, ओठ दाबून. खांद्याच्या वर, माझ्या कपाळाच्या वर, थेट पाटीच्या कडेपर्यंत.

कालच्या रेघेपेक्षा चार बोटं वर. दुपारी तिच्या घरी जाऊन, डोक्यावर पाटी घेऊन त्या भिंतीशी उभी राहून मी स्वतः मोजली.